एका मताने

नखाएवढा तो कोंब अंगठा आणि तर्जनीत धरून सर्जेराव नुसते बघत राहिले — पान आणि खोड यांच्या बेचक्यातून निघालेला, अंगभर बारीक लव असलेला, दोन इवल्या पानांचा... हाच का काढायचा? की हा फुलाचा? घामाने चष्मा घसरत होता. नऊ वाजले होते, टोमॅटोच्या ओळी छातीपर्यंत आल्या होत्या, आणि दोन ओळी पलीकडे त्यांची सून नीलम झरझर हात चालवत कधीच पुढे निघून गेली होती.

तिने एकदाच दाखवलं होतं. बगलेतला फुटवा कोवळा असतानाच बोटाने मोडायचा. पहिल्या फुलांच्या घोसाखालचा तेवढा एक ठेवायचा. जमिनीला टेकलेली पानं काढून टाकायची, म्हणजे बुडाशी वारा खेळतो आणि करप्याचा रोग वर चढत नाही. शेंड्याला मात्र हात लावायचा नाही. बावीस वर्षं गावच्या सोसायटीचा चेअरमन असलेल्या माणसाला एवढं कळायला हरकत नव्हती. पण त्या बावीस वर्षांत त्यांनी स्वतःच्या शेतातल्या झाडाला असा हात लावला नव्हता. आधी बायकोने, साखरबाईने बघितलं, तिचे गुडघे गेल्यावर नीलमने. ते बांधावरून विचारून जायचे, फोन कानाला लावूनच.

त्यांनी कोंब मोडला. ओला, हिरवा, किंचित उग्र वास बोटांना आला, आणि ते पुढच्या झाडाशी सरकले.

काल दुपारी निकाल लागला होता. त्यांच्या जागेसाठी दोनच नावं होती, त्यांचं आणि पोपटरावांचं, आणि सर्जेराव एका मताने पडले होते. आज दिवस उजाडल्यापासून अंगणात माणसं येत होती — मयताला यावीत तशी, खालच्या आवाजात बोलत, चहा नको नको म्हणत घेणारी. कुणी न्हावऱ्याहून, कुणी वस्तीवरचं. सगळे एकच म्हणत होते, एका मतानं जायला नको होतं. आणि सर्जेराव मान हलवत होते, आणि त्यांना भीती वाटत होती ती एकाच गोष्टीची — की आपल्या तोंडावर आता काहीतरी दिसेल... मी दुःखी दिसत होतो ना? साखरबाईने माझ्याकडे दोनदा बघितलं. आठच्या सुमारास ते मळ्यात जाऊन येतो म्हणाले आणि उठले. लोकांना वाटलं, म्हाताऱ्याला एकटं बसायचंय.

पण झालं होतं ते असं की काल रात्री ते पडल्यापडल्या झोपले होते आणि थेट सहाला उठले होते. फोन वाजला नव्हता. एखाद्याचं प्रकरण, एखाद्याची सही, एखाद्याचा रुसवा — काहीही उशाशी बसलेलं नव्हतं. छातीवरचा हात कुणीतरी अलगद उचलून घ्यावा तसं... आणि तो हात तिथे होता हेसुद्धा तो उचलल्यावरच कळावं.

रोहिदास आठवला. शाळेत एका बाकावर बसायचे दोघं, विहिरीत एकदमच उड्या टाकायचे. सात-आठ वर्षांपूर्वी तो काहीतरी कामाला घरी आला, तेव्हा ओटीवर पुढारी मंडळी बसली होती, म्हणून त्याला बाहेर थांबायला सांगितलं. दोन तास थांबला तो, कडुनिंबाखाली, चप्पल काढून. मग न सांगता गेला. त्यानंतर रस्त्यात भेटला की “नमस्कार चेअरमन” म्हणायचा. सर्जेराव म्हणणं त्याने सोडलं ते सोडलंच. मी एकदाही त्याच्या घरी गेलो नाही. जायचं मनात होतं... पण चेअरमन कुणाच्या घरी गेला की शेजारचा विचारतो, त्याच्याकडं का, माझ्याकडं का न्हाई?

बोटं आता आपोआप चालू लागली होती. बेचकं, कोंब, मोड. बेचकं, कोंब, मोड. आणि त्या लयीतच ते परवाच्या खोलीत शिरले, शाळेच्या, जिथे पुठ्ठ्याचा आडोसा केला होता. हातात शिक्का, समोर मतपत्रिका, वर कपबशी — त्यांची — खाली पोपटरावांची छत्री. पन्नास-साठ मतांनी येणार असं सगळेच म्हणत होते. बाहेरून कुणीतरी हाक मारली, चेअरमन, झालं का? तेवढ्यात हात खाली गेला आणि छत्रीवर शिक्का बसला. घाईत हात चुकला, असं म्हणता येईल. गेले दोन दिवस ते स्वतःला तसंच सांगत होते. पण कागदाची घडी करण्याआधी शाई वाळावी म्हणून त्यांनी फुंकर मारली होती, सावकाश, दोनदा. हात चुकलेला माणूस फुंकर मारत नाही.

कट्‌ असा आवाज झाला. त्यांनी बघितलं तर हातात कोंब नव्हता, सबंध शेंडाच होता.

नीलम ओळ ओलांडून आली. ते एखाद्या पोरासारखे शेंडा हातात धरून उभे होते. तिने झाड निरखलं आणि खालचा एक फुटवा बोटाने दाखवला. हा ठेवला की हाच वर जाईल, म्हणाली, आठ दिवस मागं पडेल एवढंच. मग जायला वळली आणि थांबली.

“आबा, तुम्ही सकाळपासनं गुणगुणताय.”

“कोण, मी?”

“व्हय. लग्न होऊन आले तवापासनं आज पहिल्यांदा ऐकलं.” तिने पदराने मान पुसली. “आत्याबाईंना न्हाई सांगत मी.”

ती तिच्या ओळीत परत गेली. सर्जेरावांना वाटलं होतं, आपण सुखावलोय हे कुणाला कळलं तर जमीन दुभंगेल. काहीच झालं नाही. एक साळुंकी तारेवर येऊन बसली आणि उडाली.

दुपारी त्यांनी तव्यावरची गरम भाकरी खाल्ली, सलग, मध्ये न उठता. साखरबाई समोर बसून वाढत होती.

सुतळीने झाडं तारेला बांधायचं काम तीननंतर सुरू झालं. चारच्या पुढे बांधावर मोटारसायकल थांबली. सत्यजीत, त्यांचा मुलगा, रांजणगावच्या कंपनीतली पहिली शिफ्ट करून तसाच आला होता. निळा शर्ट, गळ्यात ओळखपत्र. वीस दिवस रजा टाकून वडिलांसाठी तो दारोदार फिरला होता, त्याचा आवाज अजून बसलेलाच होता. त्याने वकिलाला गाठून अर्ज टाइप करून आणला होता. एक मत बाद धरलंय, शिक्का रेघेवर पडला म्हणून. ते आपलंच आहे. ते धरलं तर बरोबरी होते आणि मग चिठ्ठी टाकावी लागते — हे सगळं त्याने उभ्याउभ्याच सांगितलं. फक्त सही पाहिजे होती.

“एका मतानं, आबा. आपल्यातल्याच कुणीतरी घात केलाय. त्यो कोण, ते मी हुडकणार.”

सर्जेरावांनी त्याच्याकडे बघितलं. डोळे तांबारलेले, दाढी वाढलेली. ज्या मुलाने कधीच काही मागितलं नव्हतं, त्याने ही हार अंगावर घेतली होती. आणि आपण इथे... सकाळपासूनच्या त्या हलकेपणात पहिल्यांदाच काहीतरी टोचलं. सही केली तर तो खूश होईल, वर्षभर शिरूरच्या कचेरीत खेटे घालील, आणि गावातल्या एकेका माणसाकडे संशयाने बघत राहील. कदाचित रोहिदासकडेही.

ओळीच्या टोकाला नीलमचे हात थांबले होते.

कुठलंही वाक्य बोलण्याआधी ते मनात फिरवून बघायची सवय होती त्यांना — कोण ऐकेल, कुठे जाऊन सांगेल, उद्या काय होईल. त्यांनी तो हिशोब शोधला, नेहमीच्या जागी चाचपावं तसा. तिथे काही नव्हतं. भीती होती, पण ती साधी होती, बाप मुलाला भितो तेवढीच.

“सत्या, कागद ठेव खाली,” ते म्हणाले. “बस जरा. तुला एक सांगायचंय.”

सत्यजीत बसला नाही. पण कागद धरलेला हात त्याने खाली घेतला, आणि सर्जेराव, पहिला शब्द कोणता येतो हे स्वतःलाही माहीत नसताना, बोलायला लागले.