दांडीवरचं नाव

नौशीननं पत्र्याची धार दांडीवर तिरकी धरून ओढली. रिमूव्हरनं सुरकुतलेला निळा रंग ओल्या सालीसारखा सुटून आला आणि खालचं लोखंड उघडं पडलं. दोन खांबांमध्ये बांधलेल्या तारेवर सायकलचा सांगाडा टांगला होता. चाकं, हँडल आणि पुढचे शॉकअप भिंतीला टेकवलेले. जाड टायरांच्या खाचांत वाळलेली माती तशीच होती.

"रंग हाच निळा पाहिजे, फोटोत आहे तसा," लालासाहेब म्हणाले. अंगात ट्रॅकसूट, गळ्यात शिट्टी. भरतीची तयारी करून घेणारी शौर्यगाथा अकॅडमी त्यांची. आष्ट्यात त्यांना सगळे सरच म्हणत. "आणि दांडीला तो पोचा आहे ना, तो लांबी-पुट्टी भरून सपाट करा. काचेच्या पेटीत ठेवायचीय."

"राहू दे की सर. घाटात पडली हुती अंकिता, तवाचा हाय त्यो."

"म्हणूनच बुजवा. पडलेलं कोण दाखवतं?"

त्यांनी मोबाईल तिच्यापुढं धरला. पिवळ्या अक्षरांत अकॅडमीचं नाव, आणि त्याखाली 'आमची सुवर्णकन्या'. हेच दांडीच्या दोन्ही बाजूंना लिहायचं होतं. स्टँडवर फ्लेक्स लागलाच होता. त्यात सायकलिंगच्या राष्ट्रीय स्पर्धेत पहिली आलेली अंकिता पासपोर्ट फोटोएवढी होती आणि लालासाहेब पुरुषभर उंच.

दारात खुर्ची टाकून नौशीनचे अब्बा फडक्यातून रंग गाळत होते. जाफर पेंटर म्हटलं की आसपासच्या गावांत ओळख लागत असे. डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून बारीक रेघ त्यांना दुहेरी दिसायची. तेव्हापासून रंग जुळवणं आणि गिऱ्हाइकाशी बोलणं त्यांच्याकडे, बाकी सगळं नौशीनकडे. त्यांनी फडकं पिळून डब्यावर ठेवलं.

"तुमच्याकडं कवा हुती ओ ती?"

"कोण?"

"अंकिता."

लालासाहेब हसले. "चाचा, गावातली पोर म्हणजे आपलीच की."

"गावाची हाय. तुमची कवा झाली?"

नौशीननं पुन्हा पत्रा ओढला, जरा जोरातच. अंकिता शाळेत होती तेव्हाची एक सकाळ तिला स्वच्छ आठवत होती. दारात उसाची ट्रॉली रंगायला उभी होती आणि हीच सायकल हातानं ढकलत अंकिता आत आली होती. पाणी प्यायली. अकॅडमीच्या मैदानावर फेऱ्या मारू द्या म्हणून विचारायला गेली होती ती. पोरांचं लक्ष उडतं म्हणून सरांनी तिला फाटकातूनच परत पाठवलं होतं. "आमच्या घरी सांगू नकोस, बंदच करतील," एवढंच ती म्हणाली. त्यानंतर ती कॅनॉलच्या कडेनं, उसाच्या गाडीवाटांनी एकटीच चालवायची. नाकातोंडाला ओढणी बांधून, कुत्री मागं लागली तर दगड मारत.

"हे नाव आमी लिवणार न्हाई," अब्बा म्हणाले.

"पैसे कमी पडतात का?"

"पैशाचं कोण बोललं? ज्यानं घाम गाळला त्याचं नाव. दुसऱ्याच्या कष्टावर आपली पाटी लावायची, ही चोरी हाय सायेब. चार माणसांत हार घालून केली म्हणून काय ती चोरी न्हवं?"

लालासाहेबांचा चेहरा उतरला नाही. त्यांना अशा बोलण्याची सवय असावी. "सायकल नाथाजीरावांनी दिलीय मला. तिच्या वडिलांनी. चोरून आणलेली नाही. तुम्हाला जमत नसेल तर इस्लामपुरात स्टिकर मारून घेतो."

"बोलवूया की नाथाजीला."

अब्बांनी फोन लावला. नाथाजी रानात होते, चिखलाच्या पायांनीच आले. लालासाहेबांना बघून त्यांनी आधी हात जोडले, मग तारेवर टांगलेला सांगाडा बघितला आणि जोडलेले हात कुठं ठेवावेत ते त्यांना कळेना.

"सायकल तू दिलीस, नाथा?"

"दिली म्हंजे… सत्कार केला त्यांनी. शाल घातली, नारळ दिला, फेटा बांधला, फोटो काढलं. मग म्हणाले, पोरीची सायकल द्या. शाल अंगावर असताना न्हाई कसं म्हणायचं गड्या?"

"अंकिताला इचारलंस?"

"शिबिराला हाय ती. फोन लागत न्हाई."

"लागत न्हाई का लावला न्हाईस?"

नाथाजी पायाच्या बोटानं दुसऱ्या पायावरचा चिखल काढत राहिले. नौशीननं हातातला पत्रा खाली ठेवला.

"काका, ह्यांनी तिला मैदानावर पाय ठेवू दिला न्हवता," ती म्हणाली. "पोरांचं लक्ष उडतंय म्हणून फाटकातनं परत लावली. तशीच हितं आली हुती. तुमाला सांगू नको म्हणाली, म्हणून न्हाई सांगितलं."

रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर कर्कश गाणी लावत गेला, तो लांब जाईपर्यंत सगळे थांबले.

"व्हय का सर?" नाथाजींनी विचारलं.

"त्या वेळी मुलींची बॅच नव्हती आपल्याकडं. नियम नियमासारखा असतो, नाथाजीराव. आता सुरू करतोय ना. ही सायकल बघून आईबाप विश्वासानं पोरी पाठवतील. चांगलंच काम आहे की."

"म्हंजे माझ्या पोरीला फाटक लावलं, अन् तिच्या सायकलीवर दुसऱ्यांच्या पोरी गोळा करणार."

"तुम्ही उलटा अर्थ काढताय."

"सुलटा कुठला हाय?" नाथाजींचा आवाज चढला नव्हता. "तिला इचारल्याबिगर सायकल तुमच्याकडं येणार न्हाई. शाल पाठवून देतो. नारळ तेवढा फोडला आमी, दुसरा आणून देईन."

लालासाहेब बुलेटला किक मारताना एवढंच म्हणाले, "लोकांचं चांगलं करायला जावं तर हे असं." ते कोपऱ्यावर वळेपर्यंत अब्बा त्यांच्या पाठीकडं बघत होते.

"रंगवाच तुमी आता," नाथाजी म्हणाले. "आल्यावर बघंल ती. तिचंच नाव घाला."

नौशीननं सांगाडा घासून लोखंडापर्यंत नेला. गंज पार जाईस्तोवर पॉलिश पेपर फिरवला, प्राइमर मारला, वाळल्यावर पाण्याच्या पेपरनं पुन्हा घासला. पोच्यात लांबी भरली नाही. निळा तीनदा जुळवून बघितल्यावर अब्बांचं समाधान झालं. बेअरिंगं नवी घातली, ब्रेकच्या तारा बदलल्या.

या सगळ्या दिवसांत अब्बांचा राग मात्र वाळत नव्हता. दूधगाडीवाला आला की त्याला, शाळेचा शिपाई आला की त्याला, सगळी हकीगत पहिल्यापासून. "राबायचं एकानं अन् नाव दुसऱ्याचं. ऐकून घेतात म्हणून चालतंय हे. तोंडावर बोलणारा पायजे कुणीतरी." ऐकणारा मान हलवायचा. नौशीन स्प्रे गनची नळी साफ करत ऐकायची.

नाथाजी सायकल न्यायला आले त्या दुपारी दांडीवरचं नाव नुकतंच पुरं होत होतं. पिवळं 'अंकिता', प्रत्येक अक्षराला उजवीकडून पांढरी बारीक सावली. तोच हात दुसऱ्या बाजूनंही तसाच उतरला होता. नाथाजी वाकून बघत राहिले.

"जाफर, हात हाय बाबा तुझा."

"मग," अब्बा खुर्चीतून म्हणाले. "नौशीन, आता खाली आपलं टाक. बारीक टाक, पण दिसू दे."

तिनं चार नंबरचा ब्रश उचलला. ट्रॉल्यांच्या फाळक्यांवर, शाळांच्या भिंतींवर, दूधगाड्यांच्या दारांवर ती हे गेली कित्येक वर्षं लिहीत आली होती. 'जाफर पेंटर, आष्टा.' डोळे मिटूनही जमलं असतं. ब्रश रंगात बुडवून तिनं दांडीजवळ नेला आणि तो तिथंच धरला.

"कुणाचं टाकू, अब्बा?"

"कुणाचं म्हंजे? कायम टाकतीस ते…"

नाथाजी उभे राहिले आणि उगाचच मागचं चाक फिरवून बघायला लागले. ते बराच वेळ आवाज न करता फिरत होतं.

ब्रशच्या टोकाला थेंब जमला. नौशीननं तो डब्याच्या कडेला पुसला आणि पुन्हा हात दांडीजवळ आणून थांबली. अब्बांकडं तिनं बघितलं नाही.

अब्बा उठले. दारातली खुर्ची उचलून त्यांनी आत भिंतीला लावली. ती उजेडाच्या आड येत होती.

"चल नाथा, च्या पिऊन येऊ," ते म्हणाले. पायरी उतरल्यावर ते थांबले, मागं न वळता.

"सावकाश लिही," ते म्हणाले.