एक किलो दोनशे ग्रॅम

मित्रांनो, मी एक जुना काटा आहे. तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकात माझ्या जातीला ताणकाटा म्हणतात. घरात मला नुसते काटा म्हणतात. वर एक कडी, खाली एक आकडा, मध्ये गोल तबकडी आणि तिच्यावर फिरणारी लाल सुई. आत एक स्प्रिंग. माझे शरीर एवढेच. मला डोळे नाहीत. पण माणसे काय उचलून नेतात आणि काय मागे ठेवतात, हे मी वर्षानुवर्षे मोजत आलो आहे.

माझा जन्म चीनमधल्या एका कारखान्यात झाला. तपासणीच्या टेबलावर एका बाईंनी माझ्या आकड्याला दहा किलोचे वजन लावले. सुई दहावर थांबली. वजन काढले, सुई शून्यावर परत आली. बाईंनी मान हलवली आणि मला खोक्यात ठेवले. एवढे नेमके कौतुक मला पुन्हा कधी मिळाले नाही.

ते खोके समुद्रमार्गे दुबईला आले आणि ड्रॅगन मार्ट नावाच्या बाजारातल्या एका दुकानात उघडले. तिथून मला दोन मित्रांनी मिळून विकत घेतले. एक जेरार्ड तुस्कानो, वसईचा, हॉटेलच्या स्टोअररूममध्ये कामाला. दुसरा हमीद, दाभोळजवळच्या गावचा, टाइल्सच्या गोदामात. इंटरनॅशनल सिटी नावाच्या वसाहतीतल्या एका खोलीत सहा पलंग होते. त्यातले खिडकीकडचे दोन यांचे.

"काटा कुणाचा?" दुकानातून बाहेर पडताना हमीदने विचारले.

"जो गावी जाईल त्याचा," जेरार्ड म्हणाला.

"म्हणजे वर्षातून पंधरा दिवसांचा मालक!"

दोघे हसले. मित्रांनो, माझ्या आयुष्यातले चांगले दिवस ते.

इथे एक रीत आहे. कुणी गावी निघाला की त्याला पहिल्यांदा तारीख विचारत नाहीत. "किती किलो जागा आहे?" असे विचारतात. विमानाचे तीस किलो असतात, पण ते जाणाऱ्याच्या एकट्याचे नसतात. कुणाचे दोन किलो खजूर, कुणाची दुधाची पावडर, कुणाच्या बहिणीचे औषध. नाही म्हणायचे नसते, कारण पुढच्या वर्षी आपल्यालाही कुणाचे तरी दोन किलो मागायचे असतात. परत येताना बॅगा वेगळ्याच जड होत. जेरार्डच्या बॅगेत वसईची सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळी, आणि सुकी मासळी असे, हमीदच्या बॅगेत आमसुले आणि कुळथाचे पीठ. वजन तेच तीस किलो. पण परतीची बॅग उघडली की सहाही पलंगांवरची माणसे उठून बसत.

या देशात मी पुष्कळ काही अनुभवले. जुलैत बाहेर सेहेचाळीस अंश असतात आणि खोलीत तेवीस. एवढा फरक सहा मिलिमीटरची एक काच सांभाळते. आणखी एक गोष्ट मला हळूहळू उमगली. आमच्या इमारतीत म्हातारी माणसे नव्हती. लिफ्टमध्ये नाहीत, बसथांब्यावर नाहीत. इथे कामाला आलेल्यांचे म्हातारपण त्यांच्या गावी ठेवलेले असते. त्यांचे आईवडीलही तिथेच असतात आणि रविवारी फोनच्या पडद्यावर दिसतात.

पुढे जेरार्डचे लग्न झाले. ॲना आली, लॅरिसा झाली, त्याच वसाहतीत त्यांनी एका बेडरूमचे घर घेतले. हमीदची बदली रास अल खैमा या दुसऱ्या अमिरातीत झाली, टाइल्सच्या कारखान्यातल्या लॅबमध्ये. मी जेरार्डकडे राहिलो. हमीदला लागलो की तो बसने येऊन घेऊन जाई.

गेल्या फेब्रुवारीत त्याने मला तसेच नेले होते. तो बसने उमऱ्याला, मक्केच्या यात्रेला, निघाला होता. खोलीत सामान भरता भरता त्याने फोन स्पीकरवर ठेवला होता. पलीकडे त्याची आई, मरियमबी.

"हमीद, माझं एक काम कर. माझ्या कफनाचं कापड घे. तिथल्या झमझम विहिरीच्या पवित्र पाण्यात बुडव, वाळव आणि घेऊन ये."

हमीदचे हात थांबले. "आई, असं काय बोलतेस?"

"अरे, मरायची घाई नाही मला. तयारीची आहे. पेटीत ठेवलेलं असलं ना, म्हणजे झोप लागेल."

हमीदने तसेच केले. कापड घेतले, त्या पाण्यात भिजवले, वाळवले, घडी घातली आणि परत आला. जूनच्या सुट्टीत स्वतः नेऊन आईच्या हातात द्यायचे, असे त्याने ठरवले होते. पण जूनमध्ये कारखान्याच्या भट्टीची दुरुस्ती निघाली आणि सगळ्यांच्या सुट्ट्या रद्द झाल्या. मग दर रविवारी फोनवर एकच प्रश्न येऊ लागला. "माझं कापड कुठे आहे?" आणि एकच उत्तर जाऊ लागले. "येतंय आई. इन्शाल्ला, येतंय."

इकडे माझे काय झाले ते सांगतो. उमऱ्याहून आल्यावर हमीदने मला परत केले. ॲनाने मला बाल्कनीतल्या खिळ्याला अडकवले. रिकामा आकडा दिसला म्हणून तिने त्याला कांद्याची जाळी लावली. वाईट हेतूने नाही. इथल्या घरात इंचभर जागा मोकळी राहत नाही. कांदे संपले की नवे येत. जाळी मात्र खाली उतरली नाही. फेब्रुवारी ते ऑक्टोबर, आठ महिने, सगळा उन्हाळा मी ते वजन धरून लटकत होतो.

मित्रांनो, स्प्रिंगचा एक धर्म आहे. थोडा वेळ ताणली तर ती मूळ जागी परत येते. फार काळ ताणून ठेवली तर परत यायचे थोडे राहून जाते. माझेही राहून गेले. जाळी काढली तरी माझी सुई शून्यावर येईना. ती दीड किलोवर थांबे. ते कुणी पाहिले नाही.

ऑक्टोबरमध्ये जेरार्ड गावी निघाला. पुतणीचे पहिले कम्युनियन, लहान मुलांचा चर्चमधला मोठा सोहळा, होते. सुट्टी त्याला एकट्यालाच मिळाली. निघायच्या आठवडाभर आधी हमीद रास अल खैमाहून पार्सल घेऊन आला. खाकी कागदात बांधलेले, वर चिकटपट्टी.

"आईसाठी कापड आहे. माझा भाचा रेहान वसईला येऊन घेऊन जाईल. एक किलो दोनशे ग्रॅम. लॅबच्या काट्यावर घातलंय, ग्रॅम इकडचा तिकडे नाही."

"कापड?" जेरार्ड हसला. "दुबईहून कापड पाठवतोस? दाभोळचं मार्केट बंद पडलं काय रे?"

"मिळतं तिकडे. पण तिला हेच पाहिजे. विसरू नको म्हणजे झालं."

"विसरतोय कसा? तुझ्या आईच्या हातचं माशाचं तिखलं खाल्लंय मी, हबीबी."

हमीदने एवढेच सांगितले. समोर लॅरिसा गृहपाठ करत बसली होती. शिवाय पुतणीच्या कम्युनियनला निघालेल्या माणसाच्या बॅगेत कफन आहे, हे शब्द त्याच्या तोंडून निघेनात. मला माहीत होते. पण मला वजन सांगता येते, बोलता येत नाही.

शनिवारी सकाळी बॅग भरली. दुधाची पावडर, खजूर, साबण, भाऊ मायकलला बूट, पुतणीचा पांढरा फ्रॉक आणि अगदी वर ते खाकी पार्सल. जेरार्डने बाल्कनीतून मला आणले, कांदे सोडवले आणि थेट बॅगेला लावून उचलले.

"डॅडी, थर्टी वन पॉइंट वन!" लॅरिसा ओरडली. "इट्स ओव्हर!"

"ॲना, काय काढू गं?"

"फ्रॉक तर नाहीच. बूट?"

"बूट नाही नेले तर मायकल दारात उभा करणार नाही. हँडबॅगेत काही बसेल?"

"हँडबॅगेची चेन लागत नाहीये, जेरार्ड. टॅक्सी खाली आली, यल्ला, चल लवकर!"

जेरार्डची नजर बॅगेवरून फिरली. त्याने वरचे पार्सल उचलले आणि सोफ्यावर ठेवले. "कापडच आहे. पुढच्या महिन्यात शेजारचा प्रकाश गावी जातोय, त्याच्याकडे देऊ."

मला पुन्हा उचलले. मी एकोणतीस पूर्णांक नऊ दाखवले.

"परफेक्ट," लॅरिसा म्हणाली.

तेच पार्सल एकटे माझ्या आकड्याला लावले असते, तर मी दोन किलो सातशे दाखवले असते आणि हमीदचा आकडा कुणाला तरी आठवला असता. मला रिकामे असताना क्षणभर पाहिले असते, तरी पुरे होते.

हँडबॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात बसून मी विमानतळावर गेलो. तिथल्या पट्ट्यावर मोठी बॅग चढली. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "ट्वेंटी एट पॉइंट फोर, सर."

"पुन्हा बघा ना."

तिने पुन्हा पाहिले. अठ्ठावीस पूर्णांक चार. एक किलो सहाशे ग्रॅम जागा रिकामी होती. जेरार्डने ॲनाला फोन लावला. पण काउंटर बंद व्हायला वीस मिनिटे होती आणि घर त्या वेळच्या गर्दीतून पाऊण तासावर. मग त्याने हमीदला फोन केला. सगळे सांगितले.

"हमीद? ऐकतोयस ना? प्रकाश महिन्याभरात जातोय."

"बरं," हमीद म्हणाला.

अकराव्या दिवशी मरियमबी गेल्या. सकाळी गेल्या, दुपारच्या असरच्या नमाजाआधी दफन झाले. हमीद पोहोचूच शकत नव्हता. रेहानने फोन धरला आणि हमीदने कारखान्याच्या पार्किंगमध्ये उभे राहून तेवढे पाहिले. कापड गावच्या दुकानातून आणले होते.

जेरार्ड परत आल्यानंतरच्या रविवारी दुपारी हमीद आला. ॲनाने पाणी दिले. हमीदने ग्लास हातात धरला, प्याला नाही.

"हमीद, कसं सांगू रे," जेरार्ड म्हणाला. "पोचलं असतं तर आईला बरं वाटलं असतं."

"ते पार्सल दे."

ॲनाने कपाटातून पार्सल आणले. हमीदने चिकटपट्टी सोडवली, घड्या उलगडल्या आणि तुकडे एकेक करून सोफ्यावर ठेवले. पांढरे, न शिवलेले, पाच.

जेरार्ड ते बघत उभा राहिला. मग त्याला कळले. तो खाली बसला.

"तू मला सांगितलं का नाहीस?"

"तू कम्युनियनला निघाला होतास."

"अरे, मी बूट टाकले असते! सगळी बॅग टाकली असती मी!" जेरार्डचा आवाज फाटला. त्याने बाल्कनीकडे हात केला. "या काट्याने एकतीस दाखवले. मी काय करणार होतो?"

हमीद उठला. बाल्कनीत आला. माझ्या आकड्याला पुन्हा कांदे लावलेले होते. त्याने जाळी काढून खाली ठेवली आणि मला उजेडात धरले.

"जेरार्ड, हा आता रिकामा आहे ना?"

"हो."

"मग सुई दीडवर का?"

  लॅब सांभाळणाऱ्या त्या माणसाने खिशातून एक नाणे काढले आणि माझ्या डोक्यावरचा लहान स्क्रू हलके हलके फिरवला. तो स्क्रू त्याचसाठी असतो. अर्धे मिनिट लागले. माझी सुई शून्यावर आली.

मग त्याने तुकडे पुन्हा घडी करून कागदात बांधले आणि पार्सल माझ्या आकड्याला लावले. एक किलो दोनशे ग्रॅम.

"हे आता तू...?" ॲनाने विचारले.

"ठेवतो माझ्या पेटीत. बाईला पाच तुकडे लागतात, पुरुषाला तीन," हमीद म्हणाला. "दोन उरतील."

तो पाणी न पिताच गेला. जेरार्ड लिफ्टपर्यंत सोबत गेला. ते काय बोलले, मला माहीत नाही. लिफ्टचे दार बंद झाल्यावरही जेरार्ड बराच वेळ परत आला नाही.

त्या दिवशी त्याने मला कचऱ्यात टाकले होते. ॲनाने काढून धुतले. आता मी कपाटात, एका पेटीत, आडवा असतो. माझ्या आकड्याला काही लावलेले नसते. कुणी गावी निघाला की जेरार्ड मला बाहेर काढतो, आधी रिकामाच धरतो आणि लॅरिसाला विचारतो, "किती?" ती म्हणते, "झीरो." कुणी पार्सल आणले की तो विचारतो, "यात काय आहे, नीट सांग. आणि हे काढावं लागलं तर काय होईल, तेही सांग." लोक हसतात. सुजाता नावाची एक शेजारीण तर म्हणाली, "जेरार्डकडे कस्टमवाल्यांपेक्षा जास्त चौकशी!" तो हसत नाही. हमीदही पूर्वीसारखा येत नाही. फोन येतो, ईदला आणि नाताळाला.

मित्रांनो, तुमच्याही घरात माझ्यासारखे कुणीतरी असेल. काटा असेल, तापमापी असेल, भिंतीवरचे घड्याळ असेल. आम्ही मुद्दाम खोटे सांगत नाही. पण आमच्यावर नको तेवढा भार विसरून ठेवलात, तर आमचे शून्य सरकते आणि ते आम्हाला बोलून दाखवता येत नाही. मोजण्याआधी आम्हाला एकदा रिकामे पाहा. अर्धे मिनिट लागते. आणि दुसऱ्याचे पार्सल सोफ्यावर ठेवण्याआधी एकदा विचारा.

रास अल खैमाच्या एका खोलीत, पलंगाखालच्या पेटीत, ते खाकी पार्सल अजून आहे. एक किलो दोनशे ग्रॅम. हे मी शून्यावरून सांगतो आहे.