सुट्या भागांची गाडी

आमच्या दारात सारख्याच दोन जुन्या इंग्लिश गाड्या आहेत, कुणी फुकटही नेणार नाही अशा. हिरवी चालवायची आणि पांढरीचे भाग काढून हिरवीला लावायचे, असं ठरलेलं.

आज ड्यूटीला निघाले, चावी फिरवली, तर हिरवी ढिम्म! बॉनेट उघडलं, तर स्टार्टरच गायब.

नवरोबांनी पांढरीखालून ऑइलने माखलेलं तोंड बाहेर काढलं. "हिला लावला गं. बिचारीचं आपण नुसतं काढूनच घेत आलो."

"मग झाली सुरू?"

"कशी होणार? कार्ब्युरेटर हिरवीत आहे."

माझं टाळकंच सरकलं. "अहो, पत्र्याची एवढी कीव? लग्न झाल्यापासून या घराला लागेल ते माझ्यातूनच काढलंत. मला परत काय लावलंत?"