बिनदेवाची भिंत

फुलसावंगीपासून दोन कोसांवर कोपरदरी नावाचं गाव. गावाच्या पूर्वेला, नाल्याकडे उतरण्याआधी, काळ्या दगडांची एक चौकोनी इमारत उभी होती. एकच खोली, एकच बुटकं दार, खिडकी नाही. भिंती इतक्या जाड की दारात आडवं झोपलं तरी पाय बाहेर येत नसत. आत मूर्ती नव्हती, कबर नव्हती, कुठं एक अक्षर कोरलेलं नव्हतं. फक्त मागच्या भिंतीत, माणूस खुर्चीवर बसला तर डोक्याशी येईल इतक्या उंचीवर, दगडाचं एक फूल होतं आणि त्याच्या मधोमध मूठ जाईल एवढं भोक. कोणी म्हणे देऊळ होतं, देव निघून गेला. कोणी म्हणे सराई होती. तांड्यावरचे बंजारे म्हणत, आमच्या मिठाच्या गोण्या ठेवायला बांधली होती. खरं कोणालाच ठाऊक नव्हतं. गाव आपलं तिला 'बिनदेवाचं' म्हणे.

महाराष्ट्र झाला त्याच वर्षी गावात ग्रामपंचायत निवडून आली. कचेरीला जागा नव्हती, तेव्हा बिनदेवाच्यातली गुरं हाकलून तिथं टेबल टाकलं. सरपंच मारोतराव यांनी आपली खुर्ची त्या दगडी फुलाखाली घेतली, कारण त्या भोकातून उन्हाळ्यातही गार झुळूक यायची. दार लावलं की आतला शब्द बाहेर ऐकू येत नसे, याचं मारोतरावांना फार कौतुक होतं.

पंचांमध्ये अब्दुल गनी होता. विहिरीवरच्या इंजनांचा मिस्त्री. बिघडलेल्या इंजनावर लांब पेचकस टेकवून त्याचं दुसरं टोक कानाला लावायचा आणि दुखणं कुठं आहे ते सांगायचा. मारोतराव आणि तो चौथीपर्यंत एका पाटीवर शिकलेले. चारचौघांत तो 'मारोतराव' म्हणे, दोघंच असले की 'मारोत'.

त्या हिवाळ्यात गावाला पक्की सडक मंजूर झाली. ती कुठून न्यायची याची बैठक सकाळी बिनदेवाच्यात बसली. आत चौघंच होते. मारोतराव, दुसरे पंच वामनराव पाटील, ग्रामसेवक आणि गनी. सडक तांड्याचा नाईक भीमसिंग याच्या वावराच्या मधून काढायची असं मारोतरावांनी ठरवलं. गनी म्हणाला, "वावराचे दोन तुकडे होतात ना त्याच्या. धुऱ्यानं, बांधाच्या कडेनं नेऊ."

"थो भीमसिंग तोंडाचा वाघ हाये," मारोतराव म्हणाले. "नोटीस लागेपर्यंत त्याले कळू द्याचं नाई. मंग पाह्यतो मी त्याले."

दुसऱ्या दिवशी सकाळी भीमसिंग दहा माणसं घेऊन मारोतरावांच्या ओट्यासमोर उभा राहिला. "मी तोंडाचा वाघ काय? पाहून घे मंग मले!"

शब्द जसाच्या तसा. मारोतराव पांढरेफटक पडले. चौघांतल्याच कोणीतरी सांगितलं असणार.

संशय आधी सगळ्यांवरच फिरला. ग्रामसेवक पुसदचा, त्याचं गावात कोणी नाही. वामनराव आणि भीमसिंग यांचं दहा वर्षांपासून वाकडं. राहिला गनी. भीमसिंगचं इंजन तोच दुरुस्त करायचा, त्याच्या वावरात बसून भाकर खायचा. वामनराव एवढंच म्हणाले, "मी काई कोनाचं नाव घेत नाई बाप्पा."

गनीनं रस्त्यात भीमसिंगला गाठलं. "तुले कोनं सांगतलं?"

"माह्या याडीनं," भीमसिंग हसून म्हणाला. याडी म्हणजे आई. जमनीबाई सत्तरीची, गावात कधी पाऊल न टाकणारी. गनीला वाटलं, हा आपली थट्टा करतो आहे.

पुढच्या दोन बैठकांचंही तसंच झालं. मग मारोतरावांनी एक दिवस सकाळी गनीला एकट्यालाच बोलावलं, दार लावलं आणि म्हणाले, "गनी, तांड्यावरची शाळा बंद करून गावात आनतो. हे फक्त तुले सांगून राह्यलो."

गनीला ते पटलं नाही, तसं तो तोंडावर बोलला आणि घरी आला. दुपारच्या आत तांड्यावरचे लोक पोरांना घेऊन बिनदेवाच्या दारात येऊन बसले.

मारोतराव सगळ्यांसमोर बाहेर आले. "शाळेची गोष्ट खोटी होती," ते म्हणाले. "या एका मानसाले सांगतली होती. मले पाह्यचं होतं, पाह्यलं." आणि त्यांनी गनीकडे बोट केलं. "पोटात शिरून चुगली करते हा मानूस."

आपण सांगितलं नाही हे गनीला ठाऊक होतं. मग कळलं कसं? त्या क्षणी त्याला स्वतःचाच भरवसा वाटेना.

घरी येऊन त्यानं बायकोला, अमिनाबीला विचारलं, "मी नींद में कुछ बोलता क्या?"

"नींद में तुम खाली खर्राटे लेते," ती म्हणाली. मग त्याच्याकडे पाहून हातातलं पीठ तसंच ठेवलं. "मुझपर शक कर रहे क्या जी?"

त्यानं मान हलवली, पण तिनं ओळखलं होतं. आठ दिवस ती त्याच्याशी कामापुरतंच बोलली. गावातली कामं तुटली. ज्यांच्या विहिरीवर तो दहा वर्षं जात होता, ते फुलसावंगीहून मिस्त्री आणू लागले. हाटेलात तो गेला की बोलणं थांबायचं. गनीच्या मनातही वेगळंच घोळू लागलं: मारोतनंच तर हे रचलं नसेल? सडकेवर मी आडवा बोललो म्हणून?

फक्त भीमसिंग बोलावत राहिला. जानेवारीच्या सुरुवातीला त्याचं इंजन गरम होऊन बंद पडलं. गनी सकाळीच गेला. इंजनात ओतायला पाणी हवं म्हणून बादली घेऊन तो शेजारच्या पायविहिरीवर उतरला. ही विहीर बिनदेवाच्या मागं साठ-सत्तर पावलांवर, त्याच काळ्या दगडांची. पुढच्या पायऱ्यांनी गावातल्या बाया उतरायच्या. मागच्या, नाल्याकडच्या पायऱ्या अरुंद आणि निसरड्या, त्या तांड्यावरच्यांना ठेवलेल्या. गनी मागूनच उतरला. शेवटच्या पायरीजवळ भिंतीत एक कोनाडा होता आणि त्याला लागून जमनीबाई बसली होती. तिचा हंडा केव्हाच भरलेला होता.

गनीनं बादली बुडवली आणि कानाशी कोणीतरी खाकरलं.

तो दचकून वळला. मागं कोणी नव्हतं. कोनाड्यातून, खोल पिंपातून यावा तसा आवाज आला, "...गन्याचा राजीनामा घेऊन टाका. त्याच्या जागी माह्या पुतन्याले घ्या." आवाज वामनरावांचा होता. मग मारोतराव म्हणाले, "घेतो. चुगलखोर मानूस आपल्याले नाई पाह्यजे."

गनीच्या हातातली बादली पायरीवर आदळली. जमनीबाईनं त्याच्याकडे पाहिलं. ती घाबरली नाही.

"कधीपासून?" त्यानं विचारलं.

"कचेरी बसली तवापासून. पह्यले नुसता वारा वाजे इथं." ती थोडं थांबून म्हणाली, "आमाले कोन बलावते तुमच्या बैठकीत, मिस्तरी? आमचं वावर, आमची शाळा, बोलनार तुमी. मी आयकत होती."

"तुह्या आयकन्यापायी गाव मले चुगलखोर म्हनते, याडी."

"मालूम हाये," ती खाली पाहत म्हणाली. "पोराले म्या सांगतलं होतं, कोनाले बोलू नको म्हनून. तू आता सांगशील ना?"

इंजन तसंच टाकून गनी घरी गेला. अमिनाबीला त्यानं सगळं सांगितलं, आधी माफी मागितली, मग सांगितलं. ती म्हणाली, "पहले मारोतभाऊ को बोलो. दोस्त है तुम्हारा."

दोन दिवसांनी, वामनराव आणि ग्रामसेवक कचेरीत बसले असताना, गनी मारोतरावांना मागच्या पायऱ्यांवरून खाली घेऊन आला. मारोतराव यायला तयार नव्हते. भीमसिंगनं आणि यानं मिळून आपल्याला विहिरीत ढकलायचं ठरवलं असेल, असंही त्यांच्या मनात आलं, हे त्यांनी नंतर कबूल केलं. ते कोनाड्यासमोर उभे राहिले. वामनरावांचा आवाज स्पष्ट आला.

"सडक सरळ साळ्याच्या वावरातून जात होती याच्या. साळ्याले वाचवाले भीमसिंगाच्या उरावर घातली. अन वरून सरपंच म्हने!"

ग्रामसेवक हसल्याचंही ऐकू आलं.

गनीनं हे पहिल्यांदाच ऐकलं होतं. मारोतरावांच्या साळ्याचं, म्हणजे मेव्हण्याचं, नाव बैठकीत कधी निघालंच नव्हतं.

"मारोत," तो म्हणाला, "आता तरी लोकाईले सांग, का गनीनं चुगली नाई केली."

"सांगतो." मारोतरावांचा चेहरा राखेसारखा झाला होता. "चार दिवस थांब. वामनराव आनखी काय काय बोलते थे आयकू दे मले."

गनी चार दिवस थांबला. मग आठ. मारोतराव रोज सकाळी लोटा घेऊन नाल्याकडे जाताना दिसू लागले आणि तासभर परतत नसत. बैठकीला उशिरा यायचे. त्यांना आता सगळ्यांचं सगळं कळत होतं, आणि गाव मात्र गनीलाच चुगलखोर म्हणत होतं. तांड्यावरच्या बायांना मागच्या पायऱ्यांवर यायची बंदी झाली, घसरून पडतील असं कारण सांगून. त्या नाल्यातलं गढूळ पाणी भरू लागल्या.

सव्वीस जानेवारीला बिनदेवाच्या समोर झेंडा लागला. सगळं गाव होतं, तांडाही होता. मारोतरावांचं भाषण संपलं तसा गनी पुढं आला.

"मले एक गोष्ट सांगाची हाये. पन इथं नाई. तुमी सगळे मांगच्या पायऱ्याईनं विहिरीत उतरा. मी या खोलीत जाऊन दार लावतो."

लोक हसले. कोणी म्हणालं, डोकं फिरलं याचं. "गनी!" मारोतराव ओरडले, "तमाशा नको करू!" पण जमनीबाई उठली आणि विहिरीकडे चालू लागली. तिच्यामागं तांडा, आणि तांडा गेला म्हणून गावही.

गनीनं आत जाऊन कडी घातली. खोलीत अंधार होता. सरपंचाच्या खुर्चीवर गुडघे टेकून त्यानं त्या दगडी फुलाशी तोंड नेलं. पलीकडे कोणी ऐकतंय की नाही, कळायला मार्ग नव्हता.

"मी अब्दुल गनी," तो म्हणाला. "मी कोनाले काई सांगतलं नाई. या भिंतीनं सांगतलं. जसं आता तुमाले सांगून राह्यली." त्यानं श्वास घेतला. "सडक पह्यले भीमसिंगाच्या वावरातून जात नोहती. मारोतरावाच्या साळ्याच्या वावरातून जात होती. थे वावर वाचवाले बदलली. हे मी माह्या कानानं आयकलं, मारोतरावानंबी आयकलं." मग त्याला वाटलं आता पुरे, पण तोंड थांबेना. "मारोत, तू मले भर लोकात बोट दाखवलं. मले वाटलं, तुले एकदा तरी वाटन का गनी असं नाई करनार. तुले भिंतीनं सांगतलं तवाबी नाई वाटलं. तू माह्याहून भिंतीले जवळ केलं."

तो कडी काढून बाहेर आला. मैदान रिकामं होतं. झेंड्याखाली एकटे मारोतराव उभे होते. ते विहिरीवर गेले नव्हते.

लोक परत आले ते कोणी कोणाशी न बोलता. वामनराव सगळ्यांत मागं होते. मग भीमसिंग मोठ्यानं म्हणाला, "समदं आयकलं!" आणि एकदम गलका उठला.

नंतर गवंडी लावून ते फूल उकललं. भिंतीच्या पोटात भाजलेल्या मातीच्या नळ्या निघाल्या, एकीत एक बसवलेल्या, विहिरीपर्यंत गेलेल्या. त्या कोणी घातल्या आणि कशासाठी, हे सांगता येईना. यवतमाळहून एक साहेब आले, टेप लावून मोजलं, वहीत लिहिलं, चहा घेतला आणि गेले. पुढं काही कळलं नाही. पण नळीला आत एक फाटा होता आणि तो विहिरीकडे नव्हे, गावाकडे वळला होता. गवंड्यानं वीस हात उकरलं. पुढं घरं लागली. तो कुठं उघडतो ते सापडलं नाही. फुलाचं तोंड चुन्यानं बुजवलं, तरी त्या बाजूच्या घरांतले लोक पुष्कळ दिवस हळू आवाजात बोलत आणि भिंतीला टेकून बसत नसत.

सडक धुऱ्यानं गेली. मारोतरावांनी एक दिवस येऊन गनीच्या ओट्यावर बसून माफी मागितली. गनीनं ती ऐकून घेतली, त्यांचं इंजनही पुढं दुरुस्त केलं. पण 'मारोत' म्हणून हाक त्यानं परत मारली नाही.

मागच्या पायऱ्या तांड्याला पुन्हा मोकळ्या झाल्या. पहिल्याच दिवशी जमनीबाई त्याला तिथं भेटली. "तुहं नाव साफ झालं," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. "आमाले आता कोन सांगनार?"

गनीच्या राजीनाम्याची गोष्ट मागं पडली होती. पुढच्या बैठकीचं बोलणं संपल्यावर गनीनं भर दुपारी सायकल काढली. दारात वामनराव उभे होते. "कुठी निंगाला?"

"तांड्यावर," गनी म्हणाला. "आज काय ठरलं थे सांगाले."

वामनरावांनी आत खुर्चीकडे पाहिलं. मारोतराव कागदावरून मान वर न करता म्हणाले, "जाऊ द्या त्याले."