शेवटच्या पाहुण्याची गाडी चुकली

जपानच्या किनाऱ्यावरच्या आमच्या ओनोउरात गाडी चुकणं ही काही बातमी नव्हे. एका डब्याची गाडी, दिवसातून पाच वेळा येते, आणि ती चुकली की माणूस स्टेशनातल्या बाकावर जांभई देतो आणि घरी परत जातो. पण कुरामोचिसानची गाडी चुकली त्या दिवशी अख्ख्या गावावर तोंड लपवायची वेळ आली, कारण त्याला परत जाता येईना.

कुरामोचिसान म्हणजे इसोया लॉजचा शेवटचा पाहुणा. वय छत्तीस, अंगाने किरकोळ, बोलणं त्याहून किरकोळ. माएबाशीचा, म्हणजे समुद्र बघायचा तर डोंगर ओलांडून जावं लागतं अशा शहरातला. कचेरीतली रजा वाया चालली होती म्हणून नकाशावर किनाऱ्याकिनाऱ्याने बोट फिरवत तो ओनोउरापाशी थांबला आणि फोन करून दोन रात्रींची खोली सांगितली. आपल्यानंतर त्या लॉजवर कोणीच येणार नाही, हे बिचाऱ्याच्या गावीही नव्हतं.

लॉज किनुएचा. कागदावर तिच्या नवऱ्याचा, तोकुजीचा. पण तोकुजी स्वयंपाकघरातला माणूस, बाकी सगळं राज्य हिचं. एकेचाळीस वर्षं दोघांनी सहा खोल्या चालवल्या. आता तोकुजीचे गुडघे जिन्याला तयार नव्हते. हातात ताटं घेऊन तो मधल्या पायरीवर थांबायचा आणि विचारलं की "समुद्र बघतोय" म्हणायचा. त्या जिन्यातून समुद्र दिसत नाही.

तेव्हा किनुएनेच ठरवलं, बंद. फक्त एक अट तिने स्वतःला घातली होती: रडायचं नाही. रडायला लागलं की निर्धार पातळ होतो, 'अजून एक वर्ष बघू' असं तोंडातून निघून जातं, आणि मग एक दिवस तोकुजी ताटांसकट खाली येतो. हे तिला लख्ख दिसत होतं.

"तू रडणार," सुक्या मासळीच्या दुकानातली तोमे म्हणाली होती. तोमे तिची चाळीस वर्षांची मैत्रीण, म्हणजे चाळीस वर्षं टोचत आलेली.

"नाही रडणार."

"सासू गेली तेव्हाही हेच म्हणाली होतीस."

"मग? तेव्हा तरी कुठे रडले?"

"तेही खरंच," तोमे म्हणाली.

त्या सकाळी किनुएने ठेवणीतला किमोनो नेसला आणि दाराशी उभी राहिली. शेजारपाजारचे अकरा जण जमले. तोमेने देवळातल्या जत्रेचा ढोल उचलून आणला होता. का, ते तिलाच माहीत. केशकर्तनालयाच्या इवाकिरीने चादरीवर 'आभारी आहोत' असं रंगवून ती काठीला बांधली होती. कुरामोचिसान पाठीला पिशवी लावून बाहेर आला आणि हे सगळं बघून दोन पावलं मागे सरला. त्याला वाटलं, कोणीतरी मंत्रीबिंत्री येतोय.

"इतकी वर्षं आमच्यावर लोभ ठेवलात," किनुए कमरेत वाकून म्हणाली, "आमच्या हातून काही कमी-जास्त झालं असेल तर पोटात घाला." एकेचाळीस वर्षांच्या पाहुण्यांना सांगायचं राहिलेलं सगळं तिने त्या एका माणसावर रितं केलं. दोन रात्री राहिलेला माणूस. पण वाढला होता चांगल्या वळणात. तोही तेवढाच वाकला आणि म्हणाला, "छे छे, उपकार तर तुमचेच."

डोळे कोरडे. किनुए मनातल्या मनात खूश झाली.

आता आमच्याकडे पाहुणा निघाला की तो दिसेनासा होईपर्यंत हात हलवत उभं राहायचं असतं, आणि पाहुण्यानेही मधून मधून वळून वाकायचं असतं. इसोयाची गल्ली सरळसोट, टपालपेटीच्या कोपऱ्यापर्यंत पाचशे पावलं. बहुतेक लोक तीनदा वळतात. कुरामोचिसान दर वीस पावलांना वळला. वळला की थांबायचं, पिशवी सावरायची, कमरेत वाकायचं, सरळ व्हायचं. इकडे तोमेला चेव चढला, तिने ढोल बडवायला घेतला. चादर हलली. तो पुन्हा वळला. मध्येच स्टेशनाकडून गाडीची शिटी ऐकू आली, पण हात खाली कसा घेणार? आणि त्यानेही पळायचं कसं? तेरा माणसं हात हलवत असताना पाठ फिरवून धूम ठोकणारा माणूस जन्माला यायचाय. चोविसाव्यांदा वाकून तो कोपऱ्याआड गेला, तेव्हा गाडी पुलावर होती.

"गेली वाटतं गाडी," तोकुजी म्हणाला.

"मिळाली असेल," किनुए म्हणाली. "आणि मिळाली नसली तर दुपारी आहे." मग ती आत गेली, कारण मिळाली नाही हे तिला कळलं होतं.

पुढची गाडी पावणेचारला. एखादा निगरगट्ट असता तर सरळ परत आला असता, म्हणाला असता, 'गाडी चुकली, चहा टाका.' पण ढोल वाजवून निरोप दिलेला माणूस अर्ध्या तासात कोणत्या तोंडाने परत येणार? तो लपला. आणि गावानेही त्याला न बघायचं ठरवलं. कोणी कोणाला सांगितलं नाही, पण ठरलं.

दहाच्या सुमारास तोमेचा फोन आला. "तुझा शेवटचा पाहुणा दुकानावरून तिसऱ्यांदा गेला. मी गल्ल्याखाली बसलेय. गुडघे दुखायला लागले."

"मग ऊठ."

"उठले तर त्याला दिसेन. दिसले तर त्याला वाकावं लागेल. तेवढं तरी बघ बिचाऱ्याचं."

अकराला इवाकिरीचा फोन. कुरामोचिसान वेळ काढायला त्याच्याकडेच शिरला होता आणि केस कापून गेला होता. सकाळी ज्याच्यासाठी चादर हलवली त्याच माणसाला इवाकिरीने विचारलं होतं, "कुठून आलात?" आणि त्यानेही आरशातून डोळ्याला डोळा न भिडवता सांगितलं होतं, "आत्ताच उतरलो. छान गाव आहे." पाऊण तास दोघे हवापाण्याबद्दल बोलले.

"लहान कापलेत हो," इवाकिरी कळवळून म्हणाला. "म्हटलं, ओळखू येऊ नयेत."

किनुएला हसू येत होतं आणि रागही येत होता. शेवट कसा स्वच्छ व्हायला हवा होता, आणि हा शेवट गावभर हिंडत होता. दुपारी बंदराच्या भिंतीवर तिने त्याला लांबून पाहिलं. तिनेच सकाळी बांधून दिलेले भाताचे गोळे तो समुद्राकडे तोंड करून खात होता, मान खाली घालून, मार खाल्लेल्या पोरासारखा. ती पटकन बर्फाच्या कोठाराआड सरकली. आपल्याच गावात, सत्तराव्या वर्षी, एका पाहुण्यापासून लपतोय, हे लक्षात आल्यावर तिने कपाळाला हात लावला.

तोवर तोकुजी आरोग्यखात्यात जाऊन लॉजचा परवाना परत करून आला. गाद्या समाजमंदिराला गेल्या. पाहुण्यांची भांडी वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यात गेली. आणि तीनच्या सुमारास वारा सुटला. असा वारा सुटला की एका डब्याची गाडी पुलावर आणत नाहीत. पावणेचारची रद्द, त्यानंतरच्याही रद्द. स्टेशनासमोर एक हॉटेल आहे, पण ते पुलाच्या कामावरच्या लोकांनी महिनाभर भरलेलं.

"स्टेशनात बसलाय," तोमेचा फोन. "बाकावर. आज काही उठत नाही तो. थंडीने जाईल, पण तुझ्या दारात येणार नाही."

"आता पाहुणा घेताच येत नाही ग आम्हाला. परवाना गेला."

"मग बसू दे," तोमे म्हणाली. "तुझा शेवट तेवढा नीट राहील."

किनुएने फोन आपटला. त्याला नुसतं 'चला' म्हणावं तर त्याला कळणार, सकाळपासून सगळ्यांनी पाहिलंय. तो जमिनीत जाईल. न म्हणावं तर रात्रभर त्या बाकावर. तिने किमोनो सोडला, जुनी विजार चढवली, डोक्याला फडकं बांधलं, मागच्या वाफ्यातून सहा लांबलचक मुळे उपटले आणि पानांसकट काखेत मारून स्टेशनाकडे निघाली. मुळे घेऊन स्टेशनात कोणी जात नाही. पण त्याला काय माहीत?

कुरामोचिसान तिला बघून ताडकन उठला आणि वाकायला लागला.

"वाकू नका," किनुए म्हणाली. "आधी हे धरा. मी चाललेय घरी, आणि वारा मला मुळ्यांसकट उडवून नेतोय."

त्याने मुळे धरले. दोघे चालू लागले. वाटेत इवाकिरीने झटकन पाठ वळवून आरसा पुसायला घेतला. तोमे दुकानाबाहेर बांगडे आत घेत होती. तिने यांच्याकडे न बघता आभाळाकडे बघून "कसला मेला वारा" म्हटलं, आणि हसू दाबायला तोंडात पदरासारखा ॲप्रन धरला. गल्लीत आल्यावर कुरामोचिसानची पावलं जड झाली.

"पुढच्या दाराने नाही," किनुए म्हणाली. "ते पाहुण्यांचं. ते बंद झालं. इकडून, स्वयंपाकघरातून."

दारात बूट काढताना तो चाचरत म्हणाला, "मालकीणबाई, मी खोलीचे..."

"खोली नाही. परवाना नाही. पाहुणा ठेवला तर दंड होईल. तेव्हा मुळे धू."

त्याने मुळे धुतले. तोकुजीने त्याला नीट न्याहाळलं, कापलेल्या केसांकडे बघून 'अरेरे' केलं आणि सांगितलं की आंघोळीला आधी मी, मग ही, मग तू. आमच्याकडे सगळे पाळीपाळीने एकाच टाकीतल्या गरम पाण्यात बसतात; पाहुण्यांना पहिलं पाणी मिळतं, घरच्यांना उरलेलं. जेवायला कालची उरलेली करी आणि भात होता. दोन रात्री त्याच माणसाला बारा वाट्यांचं ताट वाढणाऱ्या किनुएने पातेलं मधोमध ठेवलं आणि पळी त्याच्याकडे सरकवली. भांडी खोक्यात होती म्हणून त्याला तिच्या घरच्या कपाटातला एक टवका उडालेला वाडगा मिळाला. आणि किनुए त्याच्यासमोर जेवायला बसली. बाहेरून आलेल्या माणसासमोर या घरात ती आजवर कधी जेवली नव्हती. नेहमी उभी, नेहमी दाराशी, कोणाला काय हवं ते बघत. घास तोंडात जाईना सुरुवातीला.

"एवढं कोण वाकतं रे?" तोकुजीने शेवटी विचारलंच. "चोवीस वेळा. मी मोजत होतो."

कुरामोचिसानचे कान लाल झाले. "कळेचना किती वेळा वाकायचं," तो वाडग्यात बघत म्हणाला. "मला पोचवायला आजपर्यंत कोणी आलंच नव्हतं. कुठेच. तुम्ही सगळे उभे होतात. मला वाटलं, आपण आधी थांबलो तर वाईट दिसेल."

तोकुजीने त्याला अजून भात वाढला. किनुए मुळ्याचं लोणचं आणायच्या निमित्ताने उठली आणि कपाटासमोर जरा जास्तच वेळ उभी राहिली. पण रडली नाही, हे मी मुद्दाम सांगतो.

रात्री तो त्यांच्याच खोलीशेजारी, तोकुजीच्या जुन्या गोधडीत झोपला. सकाळी वारा पडला होता. किनुए पहाटेपासून उरलेल्या मुळ्यांच्या मागे लागली होती. चकत्या करून पातेल्यात शिजत टाकल्या होत्या आणि वरचा फेस काढत होती. कुरामोचिसानने आपला वाडगा धुऊन पालथा घातला, गोधडीची घडी केली, पिशवी पाठीला लावली.

"येतो मग, काकू."

"हं, जाऊन ये," किनुए पातेल्यात बघत म्हणाली. "गळ्याला काहीतरी गुंडाळ, त्या इवाकिरीने मानेवर केस ठेवले नाहीत."

मागचं दार सरकलं आणि बंद झालं. किनुएने फेस काढला, वाटीत झटकला, आच कमी केली. तोकुजी गुडघ्यांना मलम चोळत बसला होता.

"गेला?"

"गेला."

"तू दाराशी नाही गेलीस."

"घरचं माणूस निघालं की कोण दाराशी..." किनुए म्हणाली आणि तिची पळी थांबली. एकेचाळीस वर्षांत या घरातून बाहेरचं माणूस निघालं आणि ती उठली नाही, असं एकदाही झालं नव्हतं. ताप असताना झालं नव्हतं. सासू गेली त्या दिवशीही झालं नव्हतं. त्या दिवशीसुद्धा तीन पाहुणे कोपऱ्याआड जाईपर्यंत ती हात हलवत उभी होती.

तोमे मागच्या दाराने आली ती टोमणा तयार ठेवूनच आली होती. बघते तर किनुए चुलीसमोर जमिनीवर बसलेली, हातात पळी, आणि लहान मुलासारखी मोठ्याने रडत होती. तोकुजी शेजारी उभा राहून नुसताच गॅस चालू-बंद करत होता. टोमणा बाजूला ठेवून तोमे गुडघे धरून शेजारी बसली.

"काय झालं ग?"

किनुएने ॲप्रनने नाक पुसलं.

"लॉज बंद झाला ग आमचा," ती म्हणाली.