शिवणीत गेलेली नदी

इस्त्रीच्या टेबलावर धाकट्या दिराचे ओले मोजे वाळत होते आणि त्यांचा वास शिवणाच्या खोलीभर पसरला होता. चालायचा सराव म्हणून भाऊजी गेले आठ-दहा दिवस तेच मोजे घालून गावाबाहेरच्या चिखलात फिरून येत. धुवायचे मात्र नाहीत. म्हणे, पायांना सवय व्हायला हवी.

"वहिनी, नाक कशाला दाबता? तिकडे किनाऱ्यावर याहून वाईट वास असेल. सडलेलं शेवाळ, मेलेले मासे!"

"मासे मेल्यावर तरी वास मारतात," वहिनी म्हणाली आणि काज करत राहिली.

हा प्रवास खरं तर तिचा होता. तिची थोरली बहीण त्या किनाऱ्याच्या पार टोकाला राहायची, दीपगृहाच्या खाली, शेळ्या राखून. तिथवर गाडीरस्ता नाही. एका बाजूला कडे, दुसऱ्या बाजूला समुद्र, मधून दगडगोट्यांतून चालत जायचं. ताईची नजर चालली होती. दीपगृहाच्या माणसाने फोनवर निरोप दिला होता: "त्या म्हणाल्या, डोळे आहेत तोवर ये. तुझं तोंड बघून ठेवायचंय."

एकटीने जाऊ नकोस, आम्ही येतो, असं नवरा म्हणाला, आणि दोघा भावांनी त्या निरोपाची सहल करून टाकली. गळ कुठले न्यायचे, तंबू कुठे ठोकायचा, संध्याकाळी काय भाजायचं. ताईचं नाव कोणाच्या तोंडी नाही. आज तर नवरा कापडाच्या मोठ्या कात्रीने पायाची नखं काढत बसला होता. त्याच कात्रीने उद्या गिऱ्हाइकाच्या लग्नाचे कपडे बेतायचे होते. एक नख उडून पांढऱ्या साटीनवर पडलं.

"अहो, लाज वाटत नाही?"

"अगं, नखं वाढली की उतारावर बोटं ठेचतात. तयारी नको का?"

भाऊजींनी टेबलावर नकाशा पसरला. दोन वेगवेगळे नकाशे मशीनवर जोडून, मागून अस्तर लावून त्यांनी एक केला होता, म्हणजे वाऱ्यात फाटायला नको. त्यावर वाकून ते उकडलेलं अंडं खात होते. पिवळा बलक समुद्रात सांडला. त्यांनी तो अंगठ्याने पुसला, अंगठा चाटला आणि तोच अंगठा वाटेवरून फिरवला.

"बघा वहिनी, चौकटीला चौकट कशी बसलीय! कोणी म्हणेल का इथे जोड आहे म्हणून?"

चौकटी खरंच जुळल्या होत्या. पण किनाऱ्याची रेघ त्या जागी जराशी अडखळत होती. तिने जोडावर बोट फिरवलं. आत जाड लागलं.

"भाऊजी, आत किती दुमडलंय?"

"शिलाईला सोडायला नको? दोन्हीकडून एकेक चौकट घेतली आत. चौकडीचं कापड असंच तर जोडतो आपण."

"हे कापड आहे का?"

तिने ब्लेड उचललं.

"उसवू नकोस गं, छान बसलंय!" नवरा म्हणाला. तिने टराटरा टाके कापले आणि दुमड उलगडली. आत नदी होती. चांगली रुंद, समुद्राला मिळणारी, तोंडाशी ना पूल ना गाव. बारीक अक्षरांत छापलं होतं, फक्त ओहोटीत उतरावे.

चूक झाली, ती कोणाकडूनही होते, तिला तिचं काही नव्हतं. पण तिने मान वर केली आणि दोघांची तोंडं पाहिली. दोघांचाही जीव भांड्यात पडला होता.

"मग राहिलंच म्हणायचं," नवरा म्हणाला. "नदीत कोण उतरणार? कळवू ताईंना."

"त्यापेक्षा आपण अलीकडेच तंबू ठोकू," भाऊजी म्हणाले, "मासेही तिथेच लागतील." आणि उरलेलं अंडं तोंडात टाकलं.

मोज्यांची, नखांची, त्या चाटलेल्या अंगठ्याची तिला किळस आली होती खरी, पण ती धुऊन जाण्यासारखी होती. आताची ही किळस जाणारी नव्हती. नदी नसती तर यांनी दुसरं काहीतरी शोधलं असतं.

ती उठली, फोनपाशी गेली आणि दीपगृहाचा नंबर लावला.

"ताईला सांगा, मी येतेय. मधे नदी आहे, ओहोटीसाठी थांबावं लागेल, म्हणून नक्की दिवस सांगत नाही."

"ओहोटीला गुडघाभर असतं पाणी," पलीकडचा माणूस म्हणाला. "पण घाई करू नका हं. किती जण येताय? अंथरुणं काढून ठेवायला सांगतो."

मागून नवरा पुटपुटला, "दोन सांग."

तिने वळून पाहिलं. त्याच्या एका पायाची नखं अजून काढायची होती, आणि कात्री हातातच होती.

"एक नक्की," ती फोनमध्ये म्हणाली.