वरच्या मजल्यावर दातांचा डॉक्टर

जुन्या ऑफिसात तिला सगळे टाचणी म्हणायचे. अंगाने काटकुळी, आणि एकही कागद सुटा राहू द्यायची नाही, म्हणून. अठरा वर्षं तिने दुसऱ्यांच्या नावाच्या पाटीखाली हिशेब तपासले, आणि अठरा वर्षं एकच तक्रार केली, "मेल्यांनो, जरा शांतपणे काम करू द्या की!" शेवटी तिने नोकरी सोडली. सायकलच्या दुकानावर पहिल्या मजल्याची एक खोली भाड्याने घेतली आणि दारावर स्वतःच्या नावाची पाटी लावली.

शांतता मिळाली. इतकी, की भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक तिच्या अंगावर यायला लागली.

तीन आठवड्यांत एक गिऱ्हाईक आलं नाही. जिन्यात पावलं वाजली की ती कान टवकारायची, समोरचा कागद उगाच हातात घ्यायची. दार उघडून कुणीतरी गाल धरून विचारायचं, "दातांचा डॉक्टर?"

"अजून एक मजला," ती म्हणायची. दिवसातून सात-आठ वेळा. कधीकधी दिवसभरात तिच्या तोंडून तेवढेच शब्द निघायचे.

मग तिने जुन्या ऑफिसात फोन करायला सुरुवात केली. तिथली शेजारच्या टेबलावरची मैत्रीण अखंड बडबडायची, म्हणून तिला पोपट म्हणत. "अगं, ती निळी फाईल मी कुठे ठेवली होती, सापडली ना तुम्हाला?" असं काहीतरी निमित्त काढायचं आणि पलीकडचा गोंगाट ऐकत बसायचं. पोपटही खुशीत सगळ्या बातम्या पुरवायची.

त्या मंगळवारी मात्र पोपटने आवाज खाली आणला.

"हे बघ, राग मानू नकोस. आता इथे फोन करत जाऊ नकोस. साहेबांना वाटतंय, तू इथली गिऱ्हाइकं फोडतेयस."

"मी? अगं, माझ्याकडे कुत्रं फिरकत नाही!"

"मला माहितीय गं. पण माझी नोकरी आहे ना इथे."

टाचणीने बरं म्हणून फोन ठेवला.

दुपारी दार ढकलून एक धिप्पाड माणूस आत आला. उजवा गाल भोपळ्यासारखा सुजलेला.

"अजून एक मजला," ती मान वर न करता म्हणाली.

त्याने बोटांनी चारची खूण केली. डॉक्टर चारला येणार होते आणि वर बसायला जागा नव्हती. तिने खुर्ची दिली. थोड्या वेळाने त्याचं लक्ष तिच्या टेबलावरच्या छापील कार्डांकडे गेलं. त्याने शर्टाच्या खिशातून घामाने मऊ झालेला कागद काढून पुढे सरकवला. टॅक्सची नोटीस. दोन महिन्यांपूर्वीची.

"दोन महिने खिशात घेऊन फिरताय?"

त्याने अपराध्यासारखी मान हलवली. तो सोफ्यांना कापड चढवायचा. दाढेने तोंडाला कुलूप घातलेलं, म्हणून उत्तरं कागदावर लिहून देत होता. बोलायचं काम सगळं तिच्याकडे आलं. आणि ती बोलली! नोटीस म्हणजे अटक नव्हे हे सांगितलं, फोनमधली बिलं उघडायला लावली, एक मोठी रक्कम त्याने फॉर्ममध्ये दोनदा भरलेली शोधून काढली, "अहो, असं कुणी करतं का?" म्हणून रागावली, उत्तराचा मसुदा मोठ्याने वाचून दाखवला. दीड तास कसा गेला कळलंच नाही. त्याच्या कपाळावरची आठी हळूहळू सैल होताना तिला दिसत होती.

फी सांगताना तिची जीभ क्षणभर अडखळली, पण तिने पूर्ण सांगितली. त्याने दिली, हात जोडले आणि तो वर गेला.

हे कुणाला तरी सांगायला हवं होतं. हात सवयीने फोनकडे गेला आणि थांबला. मग तिने धाकट्या भावाला लावला. "ताई, मीटिंगमध्ये आहे. संध्याकाळी करतो."

त्याने खरंच केला. ती तेव्हा घरी भांडी घासत होती.

"पहिलं गिऱ्हाईक आलं," ती म्हणाली.

"अरे वा, ताई! किती मिळाले?"

तिने आकडा सांगितला. तो मनापासून खूश झाला, मग आपल्या पोरीच्या परीक्षेबद्दल बोलत राहिला. त्या माणसाचा गाल, ती सैल होत गेलेली आठी, आपण स्वतः किती बोललो, हे सगळं तिच्या ओठांवर होतं. पण त्याने विचारलं नाही, आणि न विचारता कसं सांगायचं ते तिला सुचेना. फोन संपल्यावर ती ओल्या हातांनी बराच वेळ नळापाशी उभी राहिली.